दर वर्षी वाचले जाणारे पाप

शनिवारी सकाळी जगाच्या पाठीवर जेथे जेथे यहुदी मंडळी प्रार्थनेला जमते, तेथे तेथे सभास्थानातील पवित्र कपाट उघडले जाते, त्यातून चर्मपत्राची हस्तलिखित गुंडाळी बाहेर काढली जाते आणि मोशेच्या पाच ग्रंथांतील त्या आठवड्याचा नेमलेला भाग मोठ्याने वाचला जातो. या पाच ग्रंथांना ते तोरा म्हणतात. तोराचे चोपन्न भाग पाडलेले असून वर्षभरात ते सारे वाचून पूर्ण होतात. शरद ऋतूतील सणांच्या अखेरीस शेवटचा भाग संपतो आणि त्याच दिवशी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून पुन्हा प्रारंभ होतो. या वाचनाला शेवट असा नाहीच.

ही प्रथा फार जुनी आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांसमोर एज्राने जलवेशीजवळच्या चौकात नियमशास्त्र वाचले आणि ते ऐकून लोक रडू लागले, असे नहेम्याच्या ग्रंथात आपण वाचतो. प्रभू येशू नाझरेथच्या सभास्थानात शब्बाथाच्या दिवशी वाचावयास उभे राहिले, ते याच परंपरेला अनुसरून. पुढे पॅलेस्टाइनमधील यहुदी तोरा सुमारे तीन वर्षांत पूर्ण करीत आणि बाबिलोनमधील एका वर्षात. बाराव्या शतकात तुदेला येथील बेंजामिन नावाच्या यहुदी प्रवाशाला ईजिप्तमध्ये हे दोन्ही क्रम शेजारी शेजारी चाललेले आढळले. अखेर बाबिलोनचा वार्षिक क्रम सर्वत्र रूढ झाला. आपल्या मिस्सामधील वाचनांचे मूळही याच सभास्थानात आहे, आणि १९६९ साली ख्रिस्तसभेने रविवारच्या वाचनांसाठी जो नवा क्रम स्वीकारला तोही तीन वर्षांचाच आहे.

एखादा समाज आपल्या मुलाबाळांसमोर स्वतःविषयी काय मोठ्याने वाचतो, यावरून त्याची पारख होते. बहुतेक राष्ट्रे आपले विजय वाचतात, राजांची वंशावळ वाचतात. यहुदी लोक मात्र आपल्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणा दिवस दर वर्षी, ठरलेल्या शनिवारी, सर्वांच्या देखत वाचतात. या वाचनाने पापाचे आणि क्षमेचे जे शिक्षण दिले आहे, ते आम्हां ख्रिस्ती लोकांनी किती उशिरा ऐकले, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

सोन्याचे वासरू

त्या भागाचे नाव 'की तिस्सा'. निर्गमच्या तिसाव्या अध्यायाच्या मध्यापासून चौतिसाव्याच्या अखेरपर्यंतचा हा भाग साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे बहुधा आपल्या उपवासकाळाच्या आगेमागे. कथा आपल्या परिचयाची आहे. मोशे सीनाय पर्वतावर आहे. त्याला उशीर होतो. लोक अस्वस्थ होतात, अहरोनाला गराडा घालतात आणि आमच्यापुढे चालेल असा देव करून दे म्हणतात. अहरोन त्यांच्याकडून कानांतली सोन्याची कुंडले मागून घेतो आणि वासरू घडवितो. ईजिप्तच्या गुलामगिरीतून सुटून अजून काही महिनेच लोटलेले असतात. ज्या पर्वताच्या पायथ्याशी करार झाला, त्याच पायथ्याशी तो मोडला जातो.

हा भाग वाचण्याची रीत पाहण्यासारखी आहे. शब्बाथाच्या सकाळी क्रमाने सात जणांना वाचनासाठी पुढे बोलावतात. पहिला मान अहरोनाच्या वंशातील याजकाला, दुसरा लेवीच्या वंशजाला आणि त्यानंतर इतरांना. 'की तिस्सा'मध्ये पहिले दोन हिस्से मुद्दाम लांब ठेवलेले आहेत. त्यामुळे वासराची कथा लेव्याच्या वाट्याला येते, कारण लेवीच्या वंशाने वासरापुढे गुडघे टेकले नव्हते. ज्यांच्या पूर्वजांनी पाप केले त्यांपैकी एखाद्याला सर्वांसमोर उभे करून लाजवू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. मात्र कथा गाळली नाही.

याहून बोलका असा एक नियम मिश्नामध्ये आहे. इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी संकलित केलेला हा यहुदी धर्मनियमांचा संग्रह होय. त्या काळी सामान्य लोकांना हिब्रू नीट समजत नसे. म्हणून वाचकाच्या बाजूला एक भाषांतरकार उभा राहून वाक्यामागून वाक्य अरामी भाषेत सांगे. मिश्ना म्हणते की वासराच्या कथेचा पहिला भाग वाचावा आणि त्याचे भाषांतरही करावे. दुसरा भाग वाचावा, परंतु त्याचे भाषांतर करू नये. हा दुसरा भाग कोणता? मोशे अहरोनाला जाब विचारतो, आणि महायाजक होणारा तो मनुष्य उत्तर देतो की आपण सोने अग्नीत टाकले आणि त्यातून हे वासरू बाहेर पडले. जणू ते आपोआप घडले! आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा अशी सबब सांगितलेली असते. एका थोर पुरुषाची ही केविलवाणी सबब बाजारातल्या भाषेत उलगडून सांगण्याचा शास्त्र्यांना संकोच वाटला. तरीही ती वाचण्याचे त्यांनी टाळले नाही. लोकांचे पाप सर्वांना समजेल असे सांगितले. पुढाऱ्याचे पाप भाषांतराविना, परंतु मोठ्या आवाजात. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला त्याकडे परत यावयाचे आहे.

फुटलेल्या पाट्या

या कथेत क्षमा सहज मिळत नाही. मोशे दगडी पाट्या फोडतो. छावणीत तीन हजार माणसे मारली जातात. मोशे पुन्हा पर्वत चढतो आणि देवाला विनवितो की या लोकांना क्षमा होत नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव पुसून टाक. पाप्यांपासून दूर होऊन स्वतः वाचण्याची संधी त्याला होती. ती त्याने नाकारली. मग चौतिसाव्या अध्यायात दुसऱ्या पाट्या घडविल्या जातात आणि देव मोशेच्या समोरून जाताना स्वतःचे नाव उच्चारतो. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, प्रेमाने व सत्याने परिपूर्ण अशा त्या वर्णनाला यहुदी परंपरा दयेची तेरा लक्षणे म्हणते.

आम्हांला विशेष वाटते ते हे की देवाच्या दयेचे हे सर्वांत विस्तृत वर्णन निर्दोष अब्राहामाला किंवा स्वप्ने पाहणाऱ्या योसेफाला ऐकू आले नाही. ते वासरानंतर आले, पाट्या फुटल्यानंतर आले. तालमूदमध्ये रब्बी योहानान यांचे एक धाडसी वचन आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवाने प्रार्थना चालविणाऱ्या माणसासारखी शाल पांघरली आणि इस्राएलच्या हातून पाप घडेल तेव्हा कशी प्रार्थना करावी हे मोशेला स्वतः करून दाखविले. आजही प्रायश्चित्ताच्या दिवशी आणि त्याआधीच्या पहाटेच्या क्षमाप्रार्थनांत ही तेरा लक्षणे पुनःपुन्हा म्हटली जातात.

मात्र प्रार्थनेत ती म्हणताना एक गोष्ट केली जाते. निर्गममधील मूळ वाक्याचा शेवट असा आहे की देव क्षमा करतो, तरी अपराध्याला निर्दोष म्हणून मुळीच सोडून देत नाही. हिब्रूमध्ये या शेवटच्या नकाराची रचना अशी आहे की वाक्य मध्येच थांबविले तर 'निर्दोष ठरवितो' एवढाच अर्थ उरतो. प्रार्थनेत ते नेमके तेथेच थांबविले जाते. वरवर पाहता ही शास्त्रवचनाशी केलेली लबाडी वाटेल. परंतु तालमूदने तिचे स्पष्टीकरण दिले आहे: जो मागे वळतो त्याला देव निर्दोष ठरवितो, जो वळत नाही त्याला नाही. वाक्याचे दोन्ही अर्धे खरे आहेत. आपल्याला कोणते लागू पडावे, हे आपण मागे वळतो की नाही यावर ठरते. शनिवारच्या वाचनात मात्र वाक्य पूर्ण वाचतात. तेथे काटछाट नाही.

आणखी एक परंपरा आहे. दुसऱ्या पाट्या करारकोशात ठेवल्या गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या पाट्यांच्या तुकड्यांचे काय झाले? तालमूद सांगतो की ते तुकडेही त्याच कोशात ठेवले होते. चाळीस वर्षांच्या अरण्यप्रवासात लेव्यांच्या खांद्यावर अखंड पाट्यांबरोबर फुटलेल्या पाट्यांचेही ओझे होते. ज्याला क्षमा मिळाली त्याने आपले तुकडे फेकून द्यावयाचे नसतात, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्या रविवारच्या वाचनांतही ही कथा येते. सामान्य काळातील चोविसाव्या रविवारी, तिसऱ्या वर्षी, मोशेची विनवणी वाचली जाते आणि तिच्या जोडीला लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा, हरवलेल्या नाण्याचा व उधळ्या पुत्राचा दाखला असतो. ज्यांनी हा मेळ घातला त्यांना या अध्यायाचे मर्म कळले होते.

याजकाचे पाप आधी

'की तिस्सा'नंतर काही आठवड्यांनी लेवीय ग्रंथ सुरू होतो. त्याचा पहिला भाग 'वायिक्रा'. बैल, बकरे, रक्त आणि चरबी यांच्या तपशिलांनी भरलेला हा भाग आपल्यापैकी बहुतेकांनी भराभर उलटलेला असेल. परंतु त्याच्या चौथ्या अध्यायात पापार्पणांचा जो क्रम दिला आहे, तो थांबून पाहावा. नकळत घडलेल्या पापाबद्दल अर्पण कोणी करावयाचे? प्रथम अभिषिक्त याजकाने. मग सर्व मंडळीने. मग अधिपतीने. सर्वांत शेवटी सामान्य माणसाने. कबुलीची सुरुवात वेदीजवळ उभ्या असलेल्या माणसापासून होते.

अधिपतीविषयीच्या वाक्यात आणखी एक बारकावा आहे. इतरांच्या बाबतीत मूळ भाषेत 'जर पाप केले तर' असा अर्थ आहे. अधिपतीच्या बाबतीत मात्र 'जेव्हा पाप करील तेव्हा' अशी रचना येते. हाती सत्ता आहे तेथे चूक घडणारच, हे जणू गृहीतच धरले आहे. त्यातील हिब्रू शब्दाचे 'धन्य' या शब्दाशी ध्वनिसाम्य आहे. ते साधून रब्बी योहानान बेन जक्काई म्हणत की ज्या पिढीचा अधिपती आपल्या चुकीबद्दल अर्पण आणतो ती पिढी धन्य होय.

हे योहानान बेन जक्काई इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले त्या काळचे. मंदिर गेले, वेदी गेली, पापार्पणाची सोयच उरली नाही. भग्न मंदिर पाहून त्यांचे शिष्य यहोशुवा शोक करू लागले, तेव्हा दुसरे तेवढ्याच तोलाचे प्रायश्चित्त आपल्यापाशी आहे असे सांगून त्यांनी दयेच्या कृत्यांकडे बोट दाखविले. आधार दिला तो होशेय संदेष्ट्याचा. देवाला यज्ञापेक्षा दया हवी, हा त्या वचनाचा आशय. जकातदारांच्या पंगतीत बसल्याबद्दल प्रभू येशूंवर टीका झाली, तेव्हा त्यांनीही याच वचनाचा आधार घेतला होता. जी शाखा सभास्थानात राहिली आणि जी ख्रिस्तसभेत आली, त्या दोहोंनी क्षमेचा मार्ग शोधताना एकाच वचनाला हात घातला.

शेजाऱ्याच्या दारी

परंतु देवाशी समेट झाला म्हणजे सर्व झाले काय? मिश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. मनुष्य आणि देव यांच्यामधील पापांची क्षमा प्रायश्चित्ताच्या दिवशी होते. मनुष्य आणि त्याचा शेजारी यांच्यामधील पापांची क्षमा तो दिवसही देऊ शकत नाही, जोवर अपराध्याने शेजाऱ्याची समजूत घातलेली नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये, ही डोंगरावरील प्रवचनातील शिकवण आपण जाणतोच.

बाराव्या शतकात ईजिप्तमध्ये राहून लिहिणारे महान यहुदी विद्वान मोशे बेन मैमोन, म्हणजेच मैमोनिदेस, यांनी या सर्व शिकवणीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. पाप सोडणे, त्याचा खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि शब्दांनी कबुली ही त्यांची सूत्रे कुमसाराला जाणाऱ्या कोणाही कॅथलिकाला ओळखीची वाटतील. पूर्ण पश्चात्तापाची त्यांनी सांगितलेली कसोटी मात्र कडक आहे: तेच पाप करण्याची तीच संधी पुन्हा समोर यावी, अंगात बळही असावे, आणि तरीही माणसाने ते करू नये. ज्याचा अपराध केला तो क्षमा करीत नसेल तर काही जणांना बरोबर घेऊन तीन वेळा त्याच्याकडे जावे. आणि तो मरण पावला असेल तर? तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमक्ष म्हणावे की मी देवाचा व या माणसाचा अपराधी आहे.

यहुदी कबुलीत 'मी' नसतो, 'आम्ही' असतो. वर्णमालेच्या क्रमाने पापे उच्चारीत आणि प्रत्येक शब्दागणिक छातीवर मूठ हाणीत सारी मंडळी एकत्र म्हणते की आम्ही हे केले, आम्ही ते केले. मिस्साच्या आरंभी पाप कबूल करताना आपणही छातीवर हात मारतो, परंतु तेथे प्रत्येकाचा शब्द 'मी' असतो. दोन्ही शब्दांची गरज आहे. काही पापे अशी असतात की ती कोणा एकट्याची नसतात आणि म्हणून कोणीच कबूल करीत नाही.

कोकणातील बंद दारे

आपल्या कोकणकिनाऱ्यावर बेने इस्राएल लोक कित्येक शतके राहत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी तोराची गुंडाळी नव्हती, सभास्थान नव्हते, साप्ताहिक वाचन नव्हते. हिब्रूही जवळजवळ विसरलेली होती. तरी सुंता, शब्बाथ आणि काही सण त्यांनी जपले. त्यांपैकी एकाला ते मराठीत दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी उपवास करून, पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घरात बसावयाचे. हाच प्रायश्चित्ताचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांच्या घरी जावयाचे. ग्रंथ हरवला, परंतु क्षमेचा दिवस हरवला नाही. आणि देवासमोर बंद केलेले दार दुसऱ्या दिवशी माणसांसाठी उघडावयाचे असते, हेही ते विसरले नाहीत.

१७९६ साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सभास्थान बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी हा नवस फेडला, असे समाजात सांगतात. त्या सभास्थानाचे नाव 'शाआर हारहामिम', म्हणजे दयेचे द्वार. तेरा लक्षणांतील 'दयाळू' या शब्दाचे आणि या 'रहामिम'चे मूळ एकच. हिब्रूतील गर्भाशयाचा शब्दही त्याच मुळाचा. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांत हे लोक निर्धास्त राहिले. भारताच्या भूमीवर यहुदी रक्ताच्या माणसांना धर्मासाठी जाळले गेले, ते एका ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे आमचे गोवे.

आम्ही काय वाचले नाही

हे कसे घडले? त्याची सुरुवात याच वासराच्या कथेच्या वाचनापासून होते. बर्णबाच्या नावाने ओळखले जाणारे एक पत्र ख्रिस्तसभेच्या पहिल्या पिढ्यांत लिहिले गेले. ते नव्या करारात समाविष्ट झाले नाही, परंतु काळजीपूर्वक वाचले जात असे. त्या पत्राचा लेखक म्हणतो की मोशेने पाट्या फेकल्या तेव्हा यहुद्यांचा करार मोडला आणि तो त्यांनी कायमचा गमावला. दुसऱ्या पाट्यांचे नाव तो काढीत नाही. तो बत्तिसाव्या अध्यायाला थांबला. चौतिसाव्यापर्यंत गेलाच नाही. ज्या पानावर यहुद्यांना क्षमा सापडली, त्याच पानावर आम्हांला त्यांची शिक्षा दिसली. पुढे अनेक शतके हेच वाचन चालू राहिले.

१४९७ साली पोर्तुगालच्या मानुएल राजाने आपल्या राज्यातील यहुद्यांना बळाने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. त्यांना व त्यांच्या मुलानातवांना 'नवख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर संशयाची नजर ठेवीत. अशाच कुटुंबात जन्मलेले वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ साली गोव्यास आले. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाकडून त्यांना खंडाने मिळाले होते. १५६८ साली ते वारले. तोवर, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झालेले होते. १५६९ साली त्यांची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. आणि १५८० साली, मृत्यूला बारा वर्षे झाल्यावर, गार्सिया यांच्या अस्थी कबरीतून उकरून काढून जाळण्यात आल्या.

हे न्यायासन मध्ये काही वर्षे बंद राहिले, पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. पुढच्या काळात त्याची झळ प्रामुख्याने जुन्या चालीरीती न सोडणाऱ्या हिंदू कुळांतील ख्रिस्ती लोकांना लागली. वसई व चौलसह सारा पोर्तुगीज मुलूख त्याच्या अधिकाराखाली होता. मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरी आमच्या घरांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत हा विषय सहसा निघत नसे. ज्यांच्या अवशेषांपुढे आम्ही भक्तिभावाने गुडघे टेकतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन पाठविण्याची विनंती केली होती, हे तर त्याहूनही कमी सांगितले गेले. त्यांच्या हयातीत ते आले नाही. त्यांच्या सेवेचे व त्यागाचे मोल या पत्राने नाहीसे होत नाही. परंतु पत्र आहे. अहरोनाच्या सबबीचे भाषांतर न करणाऱ्या शास्त्र्यांचा संकोच आपण समजू शकतो. फरक एवढाच की त्यांनी भाषांतर टाळले, वाचन टाळले नाही. आम्ही दोन्ही टाळले.

एका आठवड्याचा योग

ख्रिस्तसभेने हे वाचन अखेर सुरू केले, ते विसाव्या शतकात, युरोपात साठ लाख यहुद्यांची हत्या झाल्यानंतर. १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांसाठीचे अविश्वासू या अर्थाचे लॅटिन विशेषण काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'नॉस्त्रा एताते' हे घोषणापत्र काढले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या साऱ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही, असे त्यात सांगितले. संत पौलाच्या आधारे हेही सांगितले की देव आपली देणगी मागे घेत नाही. म्हणजे चौतिसावा अध्याय वाचला गेला. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सभास्थानात गेले आणि त्यांनी यहुद्यांना थोरले बंधू मानले.

१२ मार्च २००० हा उपवासकाळातील पहिला रविवार होता. त्या दिवशी संत पेत्राच्या महामंदिरात पोपमहोदयांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेच्या नावाखाली शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले, ही त्यांतील एक कबुली होती. इस्राएलच्या लोकांविरुद्ध केलेली पापे, ही दुसरी. त्या रविवारी सुरू झालेल्या आठवड्याच्या शब्बाथाला यहुदी सभास्थानांत नेमलेला भाग होता 'वायिक्रा': ज्यात अभिषिक्त याजकाचे पापार्पण सर्वांआधी येते आणि ज्यावरून योहानान बेन जक्काई यांनी अशा पिढीला धन्य म्हटले. हा मेळ कोणी मुद्दाम साधला असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो विसरण्यासारखाही नाही.

त्यानंतर चौदा दिवसांनी, २६ मार्च रोजी, वृद्ध व थरथरत्या हातांचे पोपमहोदय यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि क्षमायाचनेची प्रार्थना लिहिलेला कागद त्यांनी यहुदी रीतीप्रमाणे दगडांच्या फटीत ठेवला. आधी वेदीपाशी देवाची क्षमा, मग शेजाऱ्याच्या दारी शेजाऱ्याची. मिश्नाने सांगितलेल्या त्या दोन्ही गोष्टी झाल्या.

आमचे काय? पोपमहोदयांनी कबुली दिली म्हणून आम्ही मोकळे झालो असे नाही. लेवीयच्या क्रमात याजकानंतर सर्व मंडळीची पाळी येते, आणि मग घराघरातील माणसाची. मैमोनिदेसची कसोटीही आपल्यासमोर आहेच. शेजारी कोणता देव मानतो, घरात काय शिजवितो, कोणती भाषा बोलतो यावरून त्याच्यावर संशय घेण्याची संधी आजही रोज समोर येते. कधी आपण संशय घेणारे असतो, कधी आपल्यावरच संशय घेतला जातो. गोव्यातील न्यायासनाची सुरुवात शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध सांगितलेल्या अशाच गोष्टींवरून होत असे.

उपवासकाळात कित्येक धर्मग्रामे जुन्या गोव्याला यात्रा काढतात. त्या यात्रेत अर्ध्या तासाची भर घालावी असे आम्हांला वाटते. गार्सिया द ऑर्ता यांना कबर उरलेली नाही, त्यामुळे तेथे दहा जण नेता येत नाहीत. परंतु पणजीत निष्कलंक मातेच्या मंदिरासमोर एक उद्यान आहे, ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. दहा माणसे तेथे सहज उभी राहू शकतात. मुले बरोबर असावीत. त्यांना १५६९ आणि १५८० साली काय घडले ते त्यांना समजेल अशा मराठीत किंवा कोंकणीत सांगावे, आणि मग सर्वांनी मिळून एकदा 'आम्ही' म्हणावे.